आधी काटा, मग पत्रा

प्रश्न : काकाजी, नमस्कार. मी वरूड तालुक्यातला. घरी पाच एकर संत्रा आहे आणि १.७ टनाची पिकअप आहे. आंबिया बहाराचा माल नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेतो. बाकी वेळ गाडी भाड्यानं चालते : खताच्या गोण्या, सोयाबीन, किराणा, कापूस निघाला की कापूस. हौदा ८ फूट बाय साडेपाच फूट. आतापर्यंत ताडपत्रीवर भागवलं, पण मागच्या हंगामात रस्त्यातच पाऊस लागला, ताडपत्रीत पाणी साचलं आणि वरचे क्रेट भिजले. व्यापाऱ्यानं भाव पाडला. आता पक्की कॅनॉपी करायची आहे. गावातला वेल्डर म्हणतो, १८ गेजचा पत्रा, ४० चा चौकोनी पाइप, चारही बाजूंनी बंद, मागं दोन दारं आणि आत तळापासून साडेपाच फूट उंची. ‘एकदा केलं का वीस वर्षं पाहाचं काम नाही,’ असं त्याचं म्हणणं. दुसरा म्हणतो अ‍ॅल्युमिनियम करा. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, ता. वरूड

उत्तर : भाऊ, लोखंड की अ‍ॅल्युमिनियम हे आपण शेवटी ठरवू. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या : कॅनॉपीचं वजन किती होणार, आणि आत हवा कुठून येणार. आर्वीच्या माझ्या दुकानात कॅनॉपी करायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पत्र्याच्या जाडीपासून बोलायला सुरुवात करतो. जाड पत्रा म्हणजे मजबूत काम, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. ट्रॉलीच्या तळाला ती लागू पडते, छताला नाही.

तुमच्या वेल्डरनं सांगितलेलं काम कागदावर तोलून बघा. लोखंडी पत्रा १ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो भरतो. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. हौद्याच्या बाजू दीड फूट धरल्या, तर त्यांच्या वर चार फूट बांधकाम येतं. छत, दोन बाजू, पुढचा भाग आणि मागची दारं मिळून दीडशे चौरस फुटांच्या वर पत्रा लागतो. त्याचेच सव्वाशे ते एकशे पस्तीस किलो झाले. ४० बाय ४० चा २ मिलिमीटरचा पाइप मीटरला २.३ किलोच्या आसपास असतो. कडा, उभे आणि छताच्या आडव्या पट्ट्या धरून शंभर फूट पाइप कुठं गेला नाही, म्हणजे आणखी सत्तर किलो. बिजागऱ्या, कड्या, नटबोल्ट वेगळे. दोनशे किलो सहज ओलांडले.

आता हेच क्रेटमध्ये मोजा. भरलेला संत्र्याचा क्रेट २२ किलो धरला, तर दर खेपेला नऊ क्रेट तुम्ही घरीच ठेवून निघणार. गाडीची भारक्षमता आरसीवर ठरलेली आहे. कॅनॉपीचं वजन त्यातूनच वजा होतं, वरून मिळत नाही. कोणी म्हणेल, दोनशे किलोनं गाडीला काय होते? गाडी ओढेलही. पण जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आणि पुढच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये लिहिलेले आहेत, आणि काट्यावर गाडी उभी केली की कॅनॉपीचं वजन कोणी वेगळं धरत नाही. शिवाय हे सगळं वजन उंचावर बसतं. मुलताईकडे घाट चढताना किंवा पावसात पांदणीत एक चाक खाली बसलं की उंचावरचा किलो आणि तळातला किलो सारखे राहत नाहीत.

मग हलकं कसं करायचं? आधी उंची कमी करा. वेल्डरनं साडेपाच फूट सांगितली, बहुधा आत वावरायला सोयीचं म्हणून. तुम्हाला आत वावरायचं नाही, क्रेट रचायचे आहेत. दीड टन माल म्हणजे ६८ क्रेट. तुमच्या हौद्यात एका थरात सोळा-सतरा बसतील, म्हणजे चार थर. क्रेट फूटभर उंच धरला तर माल चार फुटांवर संपतो. त्यावर एक फूट मोकळी जागा हवेसाठी हवीच. पाच फूट झाले. तुमची गाडी वजनानं भरते, उंचीनं नाही. वरचा अर्धा फूट म्हणजे फुकटचा पत्रा आणि वाऱ्याला अडणारी भिंत. शिवाय बांधावरच्या बाभळीची आणि बागेतल्या झाडांची फांदी लागणार, ती वेगळी.

दुसरं, सगळीकडून बंद करू नका. हे मी आग्रहानं सांगतो, कारण इथं नुकसान मालाचं होतं. संत्रं तोडल्यावरही श्वास घेतं. उष्णता आणि ओल सोडत राहतं. साठ-सत्तर क्रेट बंद डब्यात तीन-चार तास कोंडले तर आतला पत्रा घामेजतो. तेच पाणी वरच्या थरावर टपकतं, आणि सालीला जिथं खरचटलेलं असतं तिथं हिरवी बुरशी धरते. म्हणजे ज्या पाण्यापासून वाचायला कॅनॉपी केली, तेच पाणी आतून तयार झालं. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा ऊनही तापलेलं असतं. भाड्याच्या दिवसांत भाजीपाला नेणार असाल तर मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा वेळी बंद लोखंडी डब्यात कोथिंबीर ठेवायची म्हणजे ती बाजारात पोचायच्या आधीच संपवायची.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. छत पक्कं पत्र्याचं. पुढचा भाग, केबिनच्या मागचा, पत्र्याचा, पण केबिनच्या काचेसमोर जाळी, म्हणजे आतल्या आरशातून मागचं थोडंफार दिसत राहील. दोन्ही बाजूंना वेल्डमेश जाळी आणि तिच्यावर गुंडाळून वर बांधता येणारा ताडपत्रीचा पडदा. मागं खाली हौद्याचा मूळ फाळका तसाच राहू द्या, वर जाळीची दोन दारं. छताला ०.८ मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा आणि सांगाड्याला २५ बाय २५ चा १.६ मिलिमीटरचा पाइप पुरतो. अशी कॅनॉपी शंभर किलोच्या आसपास उतरते. पाच क्रेट तुमचे परत मिळाले.

०.८ चा पत्रा म्हटलं की लोक नाक मुरडतात, ‘ढोलासारखा वाजेल’ म्हणतात. सपाट, मोठा पत्रा नुसता चारी कडांना टाचला तर वाजेलच, मग तो १८ गेजचा का असेना. पत्र्याची ताकद जाडीत कमी आणि घडीत जास्त असते. पत्रा वाकवायच्या मशीनवर (ब्रेकवर) पत्र्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी क्रॉस घडी मारून घ्या आणि छताखाली दर दीड-पावणेदोन फुटांवर आडवी पट्टी द्या. छत सपाट ठेवू नका. मधली पट्टी कडांपेक्षा दोन इंच वर उचला, म्हणजे पाणी थांबणार नाही. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ रबर किंवा सीलंट सोडा. आवाज तिथंच मरतो. छताचा पत्रा दोन्ही बाजूंना दीड इंच बाहेर काढून खाली वळवायचा. हे वळण नसेल तर पाणी छताच्या कडेवरून पाइपाला धरून आत येतं, आणि माणूस मग सगळीकडे सिलिकॉन फासत बसतो.

वरचा रंग पांढरा द्या. शोभेसाठी लाल-निळा हवा असेल तर तो बाजूंच्या पाइपांना द्या, छताला पांढराच. उन्हात उभ्या गाडीच्या गडद छताला हात लावून बघा आणि मग पांढऱ्याला लावा, मला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता जीआयबद्दल, कारण गंज हा आपल्याकडे कॅनॉपीचा खरा शत्रू आहे आणि तो पत्र्याच्या मधोमध सहसा लागत नाही. तो वेल्डिंगच्या टाक्यापासून सुरू होतो. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या आचेनं तो तिथला जळून जातो आणि उघडं लोखंड राहतं. टाका मारायच्या आधी तेवढ्या जागेचं जस्त ग्राइंडरनं काढायला सांगा. जळत्या जस्ताच्या पांढऱ्या धुरानं वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो, हे त्याच्याही भल्याचं आहे. टाका झाला की तारेच्या ब्रशनं साफ करून त्यावर झिंक प्राइमर. आणि जीआयवर थेट रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट मारू देऊ नका. पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. आधी एच (etch) प्राइमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा, त्यावर रंग. पाइपांची उघडी तोंडं टोपी लावून किंवा पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद करा, आणि पाइपाला खालच्या अंगाला एक बारीक छिद्र ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडेल. तुम्ही खत वाहता. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात आणि सांडलेलं खत हौद्याच्या सांध्यात बसलं की लोखंड महिन्याभरात फुगायला लागतं. खताच्या खेपेनंतर हौदा पाण्यानं धुऊन काढणं हे रंगापेक्षा मोठं औषध आहे.

अ‍ॅल्युमिनियमचं काय? धातू चांगला आहे. त्याच जाडीला लोखंडाच्या एक तृतीयांश वजन, आणि लाल गंज नाही. शहरात फिरणाऱ्या, पार्सल वाहणाऱ्या गाडीला मी तोच सुचवीन. पण तुमच्या बाबतीत मला दोन अडचणी दिसतात. एक, तो आपल्या साध्या आर्क मशीनवर नीट वेल्ड होत नाही, टिगसारखं वायूच्या आडोशाचं वेल्डिंग लागतं. तालुक्याच्या गावी टिगचा कारागीर सापडेलच असं नाही, आणि ऐन हंगामात कोपरा फाटला तर गाडी अमरावती-नागपूरला नेऊन उभी करावी लागेल. दोन, लोखंडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियम थेट टेकवलं आणि मध्ये ओल गेली की दोन धातूंच्या जोडात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी पडते. लोक हे करतात : सांगाडा लोखंडी, पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, साधे रिव्हेट. करायचंच असेल तर मध्ये रबरपट्टी आणि रिव्हेटखाली नायलॉनचे वॉशर हवेत. तुमच्या छताला ०.८ च्या जीआयऐवजी १.२ चं अ‍ॅल्युमिनियम लावलं तर बारा-तेरा किलो वाचतील. अर्ध्या क्रेटसाठी एवढा खर्च मला पटत नाही.

आता कापूस. तुम्ही तो एका ओळीत लिहून गेलात, पण निम्मा निर्णय त्यावर आहे. सुटा कापूस हौद्यात वरून भरतात आणि तुडवतात. छत असेल तर तुडवणार कसं? म्हणून ही कॅनॉपी काढता-घालता आली पाहिजे. हौद्याला वेल्ड करू नका. बाजूंच्या कडेवर आठ ठिकाणी यू-क्लॅम्प किंवा बोल्ट, प्रत्येकाखाली जाड रबराचा तुकडा, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). साधा नट आपल्या रस्त्यांवर ढिला होतो. रबर यासाठी की खड्ड्यात हौदा पिळवटतो. कॅनॉपी घट्ट आवळलेली असेल तर तो पीळ तिच्या कोपऱ्यांच्या टाक्यांवर येतो आणि टाके उकलतात. शंभर किलोचा सांगाडा चार माणसं उचलून शेडमध्ये ठेवू शकतात. दोनशेचा ठेवायला चेन-पुली लागेल, म्हणजे तो कधीच निघणार नाही आणि कापसाचं भाडं दुसऱ्याकडे जाईल.

एक गोष्ट कृपा करून पाळा. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६ आहेत, त्यांच्यात इंजिनचा कंप्युटर असतो. कॅनॉपी जमिनीवरच पूर्ण वेल्ड करून घ्या आणि मग गाडीवर चढवा. एखादा टाका गाडीवर मारावाच लागला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. वेल्डिंगचा करंट त्या कंप्युटरमधून गेला तर त्याचं बिल कॅनॉपीच्या खर्चाला मागं टाकेल.

कागदाचंही बघून घ्या. आरसीवर तुमची बॉडी उघडी लिहिलेली असेल. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कलम १८२-अ मध्ये मालकानं केलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. काम सुरू करायच्या आधी साधं रेखाचित्र, मापं आणि अंदाजे वजन घेऊन आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. गाडीला अपघात झाला तर पहिला प्रश्न तोच येतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट दारांनी झाकली जाऊ नये. रिफ्लेक्टर पट्ट्या मागं लाल, बाजूला पिवळ्या, पुढं पांढऱ्या. आणि पक्कं छत झालं की मजूर बसवायचा मोह होतो. मालाच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत, छत असलं तरी नाही.

शेवटी व्यवहार. आपल्याकडे फॅब्रिकेशनचं काम बहुतेक किलोच्या भावानं होतं, मजुरीसकट. मीही बरीच वर्षं तसंच करत आलो. पण या पद्धतीत काम जितकं जड तितकं बिल मोठं, आणि हलकं करून द्यायला कारागिराला काही कारण उरत नाही. तुम्ही वजनाची वरची मर्यादा लिहून ठोक भाव ठरवा : ‘तयार कॅनॉपी ११० किलोच्या आत, एवढ्यात.’ मग कारागीर स्वतःच घडी, पट्टी, जाळीचा विचार करतो. माल आणताना तुम्ही सोबत जा. ८ बाय ४ चा ०.८ चा पत्रा काट्यावर साडेअठरा किलोच्या आसपास भरला पाहिजे, १.२ चा २८. वीस फुटी २५ चा १.६ चा पाइप सात किलोच्या जवळ. फारच कमी भरला तर गेज खोटं आहे, मागं करा. आणि कॅनॉपी बसवायच्या आधी व नंतर गाडी काट्यावर नेऊन दोन्ही पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : मी शेळ्यांचा धंदा करतो, छोट्या पिकअपनं आठवडी बाजारात नेतो. वरच्यासारखी कॅनॉपी चालेल का? एका खेपेत किती शेळ्या नेता येतील?
— एक वाचक, ता. राळेगाव

उत्तर : जाळीचीच करा, आणि ताडपत्री फक्त छताला व पाऊस येईल त्या बाजूला. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२५-ई हा नियम जनावरांच्या गाडीसाठी आहे. त्यात शेळी-मेंढीला प्रत्येकी ०.३ चौरस मीटर जागा आणि हौद्यात कायमचे कप्पे सांगितले आहेत, आणि अशा गाडीला आरटीओची वेगळी परवानगी लागते. ०.३ म्हणजे सव्वातीन चौरस फूट. तुमचा हौदा ७ बाय ५ फूट असेल तर दहा शेळ्या. तुम्ही याहून जास्त नेत असणार, मला माहीत आहे. पण उन्हाळ्यात कोंबलेल्या गाडीत एक शेळी गुदमरून गेली तर त्या बाजाराचा नफा तिथंच संपला, आणि त्या मुक्या जिवाचे हाल झाले ते वेगळेच. कप्पे आडवे करा, पक्के बसवलेले. ब्रेक लागला की सगळ्या शेळ्या पुढं एकावर एक येतात, ते थांबतं. जाळीचं भोक दोन इंचांहून मोठं नको, पाय अडकतो. तळाला पत्रा घसरतो, तिथं रबर मॅट टाका.

प्रश्न : आमचा बचत गट तांदूळ, पापड, हळद-तिखट बाजारात विकतो. छोटी गाडी घेतली आहे. गाडीतच दुकान मांडता येईल अशी कॅनॉपी हवी. धूळ फार जाते.
— एक वाचक, ता. सिंदेवाही

उत्तर : ताई, तुम्हाला मात्र बंद पत्र्याचीच करावी लागेल, कारण तुमचा माल कोरडा आहे आणि धूळ हाच तुमचा शत्रू. डाव्या बाजूचा वरचा अर्धा भाग वर उचलणारा करा, दोन गॅस शॉकर लावून. उघडला की गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तोच छत होतो. खालचा अर्धा भाग साखळीवर आडवा पडला की मांडणीचा फळा. शॉकर पत्र्याच्या वजनाप्रमाणे निवडतात, म्हणून फळी तयार झाल्यावर तोलून मगच ते विकत घ्या. शॉकर कमकुवत निघाला तर फळी हातावर पडते, म्हणून जोडीला एक टेकू-रॉडही ठेवा.

धुळीचं कारण बहुतेक वेळा दारांची फट असं समजतात आणि रबर बदलत राहतात. रबर चांगलं हवंच. पण कच्च्या रस्त्यावर चालत्या गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो, उडालेली धूळ तिथं घोळत राहते आणि आतली हवा बाहेर खेचली गेली की तिच्या जागी मिळेल त्या फटीतून धूळ आत शिरते. उपाय असा की पुढच्या बाजूला, छताजवळ, पुढं तोंड केलेला एक छोटा झरोका ठेवायचा. त्याला बारीक जाळी आणि मागून स्पंजचा फिल्टर, पावसाचं पाणी अडवायला वर पत्र्याची पापणी. गाडी चालली की त्यातून गाळलेली हवा आत भरते, आतला दाब थोडा वाढतो आणि मागच्या फटींतून हवा बाहेर जाते. स्पंज दर बाजारानंतर धुऊन पिळून वाळवा, आणि एक जादाचा गाडीत ठेवा.